वाचकांचे प्रश्न : व्यायाम, नाडी आणि दोन ठोक्यांमधले अंतर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या एकाच आकड्याविषयी आहेत. घड्याळ त्याला ‘एचआरव्ही’, म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, असे म्हणते. मराठीत ‘हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराचा चढउतार’ असे म्हणता येईल. लिहिताना मात्र एचआरव्ही हेच सोयीचे आहे. त्यांतील पाच पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझे वय ४७ असून काम बैठे आहे. चार महिन्यांपासून अर्धमॅरेथॉनसाठी सराव करत आहे. रविवारी पंधरा-सोळा किलोमीटर धावलो की सोमवारी सकाळी घड्याळ एचआरव्ही २६ दाखवते आणि शरीरावर ताण असल्याचा इशारा देते. एरवी हा आकडा ३८च्या आसपास असतो. माझ्याबरोबर धावणाऱ्या तिशीतल्या मित्राचा आकडा ८० आहे. व्यायामाने हृदय सुधारते असे ऐकत आलो, मग आकडा खाली का जातो? धावणे थांबवावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थांबवू नये. आपण वर्णन केले आहे ते निरोगी हृदयाचेच वर्तन दिसते. मात्र ते तसे का आहे हे कळल्याशिवाय घड्याळाच्या इशाऱ्याची धास्ती जाणार नाही.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो आणि ठोक्यांची लय तेथे सुरू होते. बाहेरून येणाऱ्या चेतांचा परिणाम औषधांनी पूर्ण रोखला, तर तरुण माणसाचे हृदय विश्रांतीतही मिनिटाला शंभर किंवा त्याहून थोडे अधिक ठोके देते. आपली विश्रांतीतली नाडी प्रत्यक्षात साठ-सत्तर असते, कारण मेंदूच्या तळापासून निघणारी व्हेगस चेता या पुंजक्याला सतत लगाम घालून असते. परानुकंपी चेतासंस्थेची ही मुख्य चेता. हृदयाला पळवणारी अनुकंपी चेतासंस्था तिच्या जोडीला आहेच, पण दोघींच्या कामाच्या वेगात मोठा फरक आहे. व्हेगसने लगाम खेचला किंवा सैल सोडला, तर परिणाम पुढच्याच एखाद्या ठोक्यात दिसतो. अनुकंपी चेतांचा परिणाम दिसू लागायला काही सेकंद जातात आणि तो ओसरतोही सावकाश. त्यामुळे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत जो बारीक फरक पडतो, तो मुख्यतः व्हेगसच्या हातचा असतो.

हा फरक मोजण्याची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत सोपी आहे. समजा, लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे १०००, १०४०, ९९० आणि १०३० मिलिसेकंद आहेत. शेजारशेजारच्या अंतरांमधले फरक ४०, ५० आणि ४० असे येतात. या फरकांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. उत्तर सुमारे ४४ मिलिसेकंद येते. याला आरएमएसएसडी म्हणतात आणि बहुतेक घड्याळे व अंगठ्या हाच आकडा दाखवतात. अ‍ॅपलचे घड्याळ मात्र एसडीएनएन हे दुसरे माप दाखवते, ज्यात शेजारच्या ठोक्याशी तुलना न करता सर्व अंतरे सरासरीभोवती किती पसरली आहेत ते पाहिले जाते. आपले आणि मित्राचे घड्याळ वेगवेगळ्या कंपन्यांचे असेल, तर ३८ आणि ८० ही तुलना वजनाची उंचीशी केल्यासारखी असू शकते.

यंत्राशिवायही हा चढउतार ओळखता येतो. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना शेजाऱ्याची नाडी धरायला सांगतो आणि ज्याची नाडी धरली आहे त्याला सावकाश खोल श्वास घ्यायला लावतो. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. पहिल्यांदा जाणवले की काही जण घाबरून नाडी अनियमित असल्याचे सांगतात! जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये नाडीचा श्वासाशी असलेला हा संबंध आलेखावर नोंदवला होता. तेव्हा विश्रांतीत अगदी घड्याळासारखे टिकटिक करणारे हृदय चांगले, ही आपली सर्वसाधारण समजूत मुळातच उलटी आहे.

आता व्यायामाकडे येऊ. आपण धावायला सुरुवात करता, त्या क्षणापासूनच व्हेगस लगाम सैल सोडू लागते. नाडी सत्तरवरून शंभरच्या आसपास जाते ती मुख्यतः या सैलपणामुळे. त्यापुढे अनुकंपी चेता आणि रक्तातील अ‍ॅड्रिनॅलिन यांचा वाटा वाढत जातो. नाडी दीडशेवर गेली की दोन ठोक्यांमधले सरासरी अंतर ४०० मिलिसेकंद उरते आणि लगामच सुटलेला असल्यामुळे एका अंतरात व पुढच्या अंतरात जेमतेम दोन-चार मिलिसेकंदांचा फरक पडतो. धावताना एचआरव्ही जवळपास नाहीसा होतो, तो असा. यात बिघाड काहीच नाही; स्नायूंना रक्त पुरवायचे असताना लगाम धरून ठेवणारे हृदय उलट अडचणीचे ठरले असते. शिवाय धावताना हात हलत असतात आणि मनगटावरचा प्रकाशाने मोजणारा संवेदक त्या हालचालीने सहज फसतो, म्हणून त्या वेळचा आकडा पाहूच नये.

खरी माहिती मिळते ती व्यायाम थांबल्यावर लगाम किती लवकर परत येतो यातून. पहिल्या मिनिटात नाडी जी भरभर उतरते, ते व्हेगस परतल्याचे लक्षण असते. ट्रेडमिल चाचणीसाठी पाठवलेल्या २,४२८ प्रौढांचा अमेरिकेतील एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाचणीच्या शिखरानंतर हळू चालत असतानाच्या पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढील सहा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. घड्याळाच्या एखाद्या गुंतागुंतीच्या गुणांकापेक्षा ही साधी मोजणी मला अधिक विश्वासाची वाटते.

नाडी उतरली तरी ठोक्यांमधला बारीक चढउतार पूर्वपदावर यायला मात्र अधिक वेळ लागतो आणि तो वेळ व्यायामाच्या लांबीपेक्षा त्याच्या तीव्रतेवर जास्त अवलंबून असतो. बोलत बोलत करता येईल अशा चालण्यानंतर किंवा सावकाश धावण्यानंतर हा चढउतार साधारणपणे एका दिवसाच्या आत परततो. धाप लागेल अशा सरावानंतर एक ते दोन दिवस, आणि चढावर जोराने केलेल्या फेऱ्यांसारख्या फार तीव्र सरावानंतर किमान दोन दिवस लागतात, असे २०१३ मध्ये घेतलेल्या एका आढाव्यात दिसते. आपला रविवार लांबचा असतो, आणि नाशिकच्या उन्हात घाम जाऊन रक्तद्रवाचे प्रमाणही घटत असेल, तर सोमवारचा २६ हा रविवारचा हिशेब आहे. बुधवारपर्यंत आकडा आपल्या नेहमीच्या पातळीवर येत असेल, तर सराव पचला असे समजावे.

महिन्यामहिन्यांच्या सरावाने काय होते, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. धावणे, पोहणे, सायकल, भरभर चालणे अशा दमश्वासाच्या नियमित व्यायामाने रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, विश्रांतीतली नाडी मंदावते आणि व्हेगसशी निगडित चढउतार सामान्यतः वाढतो. हा बदल बैठ्या माणसांत, मध्यमवयात आणि उतारवयातही दिसतो. मात्र तो सर्वांमध्ये सारखा नसतो आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. एक खुलासाही करायला हवा. नाडी मंदावली की दोन ठोक्यांमधले अंतरच लांबते आणि लांब अंतरात फरकालाही जागा अधिक मिळते, त्यामुळे वाढलेल्या आकड्याचा काही भाग निव्वळ गणिताचा असतो. शिवाय मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या कामात असे आढळले, की सरावाने सायनस नोडच्या पेशीतच बदल होतो आणि तिची मूळ लय मंदावते. तेव्हा खेळाडूच्या मंद नाडीचे सगळे श्रेय व्हेगसला देणारी पाठ्यपुस्तकातली मांडणी अपुरी आहे.

मित्राच्या ८० या आकड्याचे दडपण घेऊ नये. वयाबरोबर हा चढउतार सर्वांचाच कमी होत जातो, आनुवंशिकतेचाही त्यात मोठा भाग असतो आणि एकाच वयाच्या, सारख्याच तंदुरुस्त दोन माणसांत दुप्पट-तिप्पट फरक सहज असतो. अतिशय तयारीच्या धावपटूंमध्ये तर लगाम इतका घट्ट बसतो की चढउतार उलट कमी दिसू लागतो. ज्या माणसाशी तुलना करता येते तो एकच, चार आठवड्यांपूर्वीचे आपण स्वतः. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच स्थितीत पडून किंवा बसून दोन ते पाच मिनिटे मोजावे आणि सात दिवसांच्या सरासरीकडे पाहावे. एका दिवसाचा आकडा रात्रीचे जागरण, उशिरा केलेले जेवण, मद्य, येऊ घातलेला ताप, घरातला वाद अशा कशानेही हलतो. फिनलंडमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, सकाळचा आकडा स्वतःच्या नेहमीच्या पातळीखाली गेला की त्या दिवशी तीव्र सराव टाळणाऱ्या धावपटूंची प्रगती ठरावीक वेळापत्रकाने धावणाऱ्यांपेक्षा चांगली झाली होती. आपणही सोमवारी विश्रांती घ्यावी किंवा नुसते चालावे. आकडा आठ-दहा दिवस वर आलाच नाही, झोप बिघडली, पाय जड वाटू लागले, विश्रांतीतली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वाढलेली राहिली, तर मात्र सराव निम्म्यावर आणावा. छातीत दुखणे, भोवळ किंवा न पेलणारी धाप असेल, तर घड्याळाकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा तालमीत कुस्तीचा सराव करतो. जोर-बैठका आणि वजने यांमुळे हृदयाचा हा आकडा वाढतो का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : धावण्या-पोहण्याइतका खात्रीने वाढत नाही. वजनांच्या व्यायामाने ताकद, हाडे आणि रक्तातील साखरेचे नियमन सुधारते, परंतु विश्रांतीतल्या एचआरव्हीवर त्याचा परिणाम अभ्यासाअभ्यासागणिक वेगळा आढळतो. जड वजनांच्या सत्रानंतर व्हेगसचा लगाम परतायला तेवढ्याच वेळाच्या सायकलिंगपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मात्र दिसते. श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब एकदम चढतो आणि उतरतो, त्याचाही त्यात हात असावा. कुस्तीच्या सरावात पकडी आणि लढतींमुळे दमश्वासाचा भाग आपोआप येतो, म्हणून तालमीचा पोरगा केवळ वजने उचलणाऱ्यापेक्षा या बाबतीत बरा असतो. आकड्यापेक्षा मला दुसरी काळजी अधिक वाटते. स्पर्धेच्या आधी वजन गटात बसवण्यासाठी पाणी तोडले आणि घाम काढला, की रक्तद्रव घटतो, नाडी वाढते आणि चढउतार कोसळतो. असा कोसळलेला आकडा दिसला तर त्याला सरावाचा थकवा समजून विश्रांती देणे पुरेसे नाही. पोराला पाणी, मीठ आणि अन्न लागते. सतरा वर्षांच्या मुलाने वजन असे उतरवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तादांशी यावर बोलावे.

प्रश्न : रोज सकाळी अर्धा तास अनुलोम-विलोम आणि दीर्घश्वसन करते. त्यानंतर घड्याळ लावले की एचआरव्ही जवळजवळ दुप्पट दिसतो. मग टेकडीवर चालायला जाण्याची गरज आहे का? वय ६४. (एक वाचक, पुणे)

उत्तर : गरज आहे, आणि प्राणायामही सोडू नये, दोन्ही वेगळी कामे करतात.

श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आणला की एक गंमत घडते. रक्तदाब स्थिर राखणारी शरीराची जी यंत्रणा आहे, तिचा स्वतःचाही सुमारे दहा सेकंदांचा एक हेलकावा असतो. सहा श्वास म्हणजे दर दहा सेकंदांना एक श्वास. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावल्यावर तो उंच जातो, तसे श्वासाचे आणि रक्तदाबाचे हेलकावे एकमेकांत मिसळून नाडीचा चढउतार मोठा होतो. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र या दोन्हींमुळे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि हे हेलकावे वाढले. योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये त्यासाठीच उभारले.

मात्र आपल्याला दिसतो तो दुप्पट आकडा बऱ्याच अंशी त्या वेळच्या श्वासाचा आहे. लगाम मोठ्या लयीत खेचला-सोडला जातो म्हणून फरक मोठा मोजला जातो. त्यावरून दिवसभराचा लगाम दुप्पट घट्ट झाला असा अर्थ काढता येत नाही. चालण्याने रक्तद्रव, हृदयाची फेक, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि गुडघ्याभोवतीचे बळ यांत जो बदल होतो, तो बसून श्वास घेण्याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-पाऊण तास टेकडी चढली तर ते सहज पुरे होते. घड्याळ मात्र प्राणायामाच्या आधी, नेहमीच्या श्वासावर लावावे.

प्रश्न : वडिलांचे वय ६८, मधुमेह १८ वर्षांचा. उच्च रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. त्यांची विश्रांतीतली नाडी ९६ असते आणि एचआरव्ही ९ दिसतो. चालण्याने वाढेल का? त्यांनी नाडी किती ठेवून चालावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : या पत्राची दखल घड्याळापलीकडे जाऊन घ्यायला हवी. मेटोप्रोलॉल हे नाडी मंदावणारे औषध चालू असूनही नाडी ९६ आणि चढउतार इतका कमी असेल, तर मधुमेहाने हृदयाकडे जाणाऱ्या स्वायत्त चेतांना (वर सांगितलेल्या व्हेगस आणि अनुकंपी चेतांना) इजा झाली आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. रक्तक्षय, थायरॉइड, जंतुसंसर्ग, औषध चुकणे अशी इतर कारणेही असू शकतात.

तपासणी अवघड नसते. रुग्णाला मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात आणि श्वास घेतानाची सर्वांत जलद व सोडतानाची सर्वांत मंद नाडी यांतला फरक पाहतात. पारंपरिक मोजपट्टीनुसार १५ किंवा अधिक ठोक्यांचा फरक चांगला, १० किंवा कमी असामान्य. वयानुसार त्यात सूट द्यावी लागते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजणे हाही तपासणीचा भाग असतो. एचआरव्हीचा वैद्यकात पहिला व्यावहारिक उपयोग झाला तो अशाच ठिकाणी, प्रसूतिशास्त्रात, मधुमेहात आणि हृदयविकारात. धावपटूंकडे तो नंतर आला.

चेतांना इजा असेल तरी चालणे बंद करायचे नसते, परंतु नाडीचे लक्ष्य ठेवून चालणे धोक्याचे असते. एकतर औषध नाडी वाढू देत नाही, दुसरे म्हणजे इजा झालेल्या चेता श्रमाप्रमाणे नाडी हलवत नाहीत, आणि अशा रुग्णांत हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत कळ न येण्याची शक्यता असते. म्हणून आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल इतक्याच वेगाने, सपाट रस्त्यावर, उन्हाची वेळ टाळून चालावे. सुरुवातीची आणि शेवटची पाच-सात मिनिटे अगदी हळू ठेवावीत आणि खुर्चीवरून एकदम उठू नये. खिशात साखर असावी. नियमित व्यायामाने मधुमेहींच्या चढउतारात सुधारणा झाल्याची नोंद आहे, विशेषतः इजा प्राथमिक अवस्थेत असताना. औषध स्वतःहून कमी-जास्त करू नये.

प्रश्न : वय ५९. दोन वर्षे माझा एचआरव्ही ३० च्या जवळ होता. गेले दहा दिवस तो अचानक १२० ते १४० दाखवतो. रोज सायकल चालवतो. हृदय एवढे सुधारले असे समजावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : समजू नये. व्यायामाने आकडा वाढतो तो महिन्यांच्या हिशेबात आणि थोडा थोडा. दहा दिवसांत चौपट होत नाही. घड्याळ फक्त अंतरे मोजते, ती कशामुळे बदलली हे त्याला कळत नाही. मध्येच येणारे अवेळी ठोके, किंवा एट्रियल फिब्रिलेशन या विकारात कर्णिकेची लय मोडून पडणारे वेडेवाकडे ठोके, यांमुळे अंतरांतला फरक प्रचंड वाढतो आणि आकडा खेळाडूलाही मागे टाकतो. या विकारात कर्णिकेत रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, आणि अनेकांना तो चालू असताना काहीही जाणवत नाही. घड्याळाचा पट्टा सैल असणे हेही कारण असू शकते, पण ते तपासण्यात आठवडा घालवू नये. याच आठवड्यात ईसीजी काढून घ्यावा. तो सामान्य आला आणि घड्याळ तरीही तेच आकडे दाखवत राहिले, तर चोवीस तासांची होल्टर तपासणी, म्हणजे अंगावर लहान यंत्र लावून सलग ईसीजीची नोंद, करावी. तोपर्यंत सायकल घरात ठेवावी आणि चालणे सावकाश ठेवावे. मध्यंतरी बोलण्यात अडखळणे, चेहरा वाकडा होणे किंवा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.